खेळाडू घडण्याची वर्षे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि इतिहास यांना पहिला मान असतो, आणि तो असावाच. अशा मालेतील एक संध्याकाळ आपण हॉकीसाठी राखून ठेवलीत, याबद्दल कार्यकारिणीचे मनापासून आभार. मात्र राऊरकेल्यात राहून हॉकीविषयी न बोलणे म्हणजे पंढरपुरात राहून वारीविषयी मौन पाळण्यासारखेच झाले असते. पोलादाच्या कारखान्यासाठी आपली माणसे नागपुराहून, पुण्याहून, कोल्हापुराहून येथे आली. आल्यावर त्यांनी गणपती बसवला, वाचनालय काढले, नाटके केली. पण ज्या मातीत हे सारे रुजले, त्या मातीचा स्वतःचा एक खेळ होता, आणि आज आपल्याच घरांतील नातवंडे पाठीवर स्टिकची पिशवी अडकवून पहाटे सायकलवरून जाताना दिसतात. तेव्हा हा विषय आता घरचाच झाला आहे.

आपल्या मंडळाची स्थापना १९७५ सालची. त्याच वर्षी, १५ मार्च रोजी, क्वालालंपूर येथे भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला. त्या संघात बचावाच्या फळीत मायकेल किंडो होते. त्यांचे नंतरचे आयुष्य ह्याच गावात गेले आणि २०२० च्या अखेरीस त्यांनी येथेच देह ठेवला. आपल्यापैकी अनेकांनी त्यांना बाजारात, रस्त्यात पाहिले असेल. विजयी गोल मात्र अशोककुमार यांचा होता. ते मेजर ध्यानचंदांचे चिरंजीव आणि रूपसिंगांचे पुतणे. मला आज ज्या विषयावर बोलायचे आहे, त्याचे एक टोक ह्या अशोककुमारांपाशी आहे.

कल्पना करा. ज्याच्या वडिलांनी आणि काकांनी ऑलिंपिकची सुवर्णपदके घरात आणली, त्या मुलाने हातात स्टिक धरली की पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण उभे राहत असेल? तो मुलगा नव्हे, त्याचे वडील. त्याचा पहिला चुकलेला पासही 'ध्यानचंदांच्या मुलाने चुकवलेला' असतो. अशोककुमार १९७० च्या बँकॉक एशियाडमध्ये खेळले, १९७१ च्या विश्वचषकात कांस्यपदक, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पुन्हा कांस्य, १९७३ च्या विश्वचषकात अंतिम सामन्यात दोन गोलांची आघाडी घेऊनही हार. पाच वर्षे हा गृहस्थ 'चांगला खेळतो, पण वडिलांसारखा नाही' हे ऐकत खेळला असणार. त्यानंतर १९७५ चा तो गोल. चेंडू गोलच्या आत जाऊन खांबाला लागून बाहेर आला की गेलाच नव्हता, यावर पाकिस्तानी खेळाडूंनी पंचांना घेरले; पंच आपल्या निर्णयावर ठाम राहिले. त्या पाच वर्षांत निवड समितीने 'वडिलांची सर नाही' म्हणून त्यांना घरी पाठवले असते, तर त्या वर्षीचा चषक कोणाकडे गेला असता, ह्या प्रश्नाचे उत्तर आपण मनातल्या मनात द्यावे.

आणि गंमत अशी की, ज्या ध्यानचंदांच्या नावाचे ओझे त्या मुलाच्या डोक्यावर होते, ते स्वतः मात्र अपेक्षेच्या ओझ्याखाली वाढलेच नव्हते. १९२२ साली सोळाव्या वर्षी ते लष्करात भरती झाले, तोवर त्यांनी हॉकी अशी मन लावून खेळलेली नव्हती. लहानपणी ओढा असला तर कुस्तीचा. पलटणीतील सुभेदार-मेजर बाळे तिवारी यांनी त्यांच्या हाती खऱ्या अर्थाने स्टिक दिली आणि खेळाचे धडे गिरवून घेतले. पुढची चार वर्षे ते लष्करी आणि पलटणींच्या सामन्यांत खेळले. बाहेरच्या जगाला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. १९२६ मध्ये न्यूझीलंडचा दौरा आला आणि १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅमला त्यांनी पाच सामन्यांत चौदा गोल केले. आज सोळाव्या वर्षी हातात स्टिक धरणाऱ्या मुलाला आपण काय म्हणू? 'उशीर झाला, आता अभ्यासाला लाग.' आजच्या चाळणीतून ध्यानचंद खाली पडले असते, असे मी म्हणालो तर ती अतिशयोक्ती समजू नये.

आता, हॉकीपटू हळूहळूच का घडतो, ह्याची कारणे खेळातच आहेत, ती पाहू. क्रिकेटमध्ये बॅटचा रुंद भाग समोर असतो आणि चेंडू एका दिशेने येतो. हॉकीच्या स्टिकला चेंडू खेळण्यासाठी एकच सपाट बाजू असते, डावी. डाव्या बाजूला चेंडू गेला की मनगट फिरवून स्टिक उलटी करायची, आणि ही सारी कसरत कमरेत वाकून, धावता धावता, समोरून येणाऱ्या माणसाला चुकवीत. हाताला हे कळायला वर्षे लागतात. हाताला कळले की मग डोळ्याला कळावे लागते. ९१ मीटरपेक्षा थोडे जास्त लांब आणि ५५ मीटर रुंद अशा मैदानावर बावीस माणसांपैकी कोण कोठे आहे, आणि अजून दोन क्षणांनी कोठे असेल, हे चेंडू मिळण्यापूर्वीच जाणणे. ऑफसाइडचा नियम रद्द झाल्यापासून तर बचावपटूला पाठीमागेही डोळे असावे लागतात. हे डोळे कोणत्याही शिबिरात महिन्याभरात मिळत नाहीत. हरलेल्या सामन्यांतून ते उघडतात. म्हणूनच आघाडीचा खेळाडू कधी कधी अठराव्या वर्षी चमकतो, पण बचावपटू आणि गोलरक्षक बहुधा पंचविशीनंतरच पिकतात.

सुंदरगढच्या मुलांना आणखी एक अडचण असते, आणि ती आपण येथे रोज पाहतो. आपल्या आसपासच्या खेड्यांत मूल प्रथम बांबूची किंवा झाडाच्या वाकड्या फांदीची स्टिक घेऊन उघड्या, खडबडीत जमिनीवर खेळते. सुगी झाली की गावागावांत स्पर्धा लागतात आणि जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बकरा मिळतो. त्या रात्री साऱ्या गावाला जेवण. (आपल्याकडील कुस्त्यांच्या फडावर नारळाची कुस्ती असते, तिची आठवण मला ह्या सामन्यांवरून नेहमी होते, फरक इतकाच की येथे बक्षीस चार पायांवर चालत येते.) त्या मैदानावर चेंडू उडतो, वळतो, दगडाला लागून भलतीकडे जातो. तोच मुलगा पुढे कृत्रिम टर्फवर येतो तेव्हा चेंडू सरळ, पाण्यावरून सरकावा तसा वेगाने येतो. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच अशा मैदानावर झाली आणि चार वर्षांपूर्वीपर्यंत पदकाशिवाय न परतलेला आपला देश सातव्या क्रमांकावर घसरला. जगज्जेत्या संघाला जे वळण घ्यायला इतका त्रास झाला, ते वळण आपण बारा वर्षांच्या मुलाने सहा महिन्यांत घ्यावे अशी अपेक्षा करतो!

सौनामारा हे नाव आपणांस ठाऊक आहेच. बालिशंकरा विभागातील ह्या एका खेड्याने देशाला दिलीप तिर्की दिले, ज्यांनी तीन ऑलिंपिक खेळून चारशेहून अधिक सामन्यांत भारताचे प्रतिनिधित्व केले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये हॉकी इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले. त्याच गावात १९९३ साली अमित रोहिदास जन्मला. २००४ मध्ये तो पानपोषच्या क्रीडा वसतिगृहात आला, म्हणजे आपल्या दारात. पुढचा हिशेब पाहण्यासारखा आहे. २०१३ मध्ये, विसाव्या वर्षी, तो वरिष्ठ संघात आला. आशिया चषकात खेळला. आणि मग संघाबाहेर गेला. एक-दोन मालिकांसाठी नव्हे, काही वर्षांसाठी. २०१६ चे रिओ ऑलिंपिक त्याच्याविना झाले. २०१७ मध्ये तो परतला, चोवीस वर्षांचा होऊन.

मला अमितच्या कारकिर्दीतील हीच मधली वर्षे सर्वांत मोलाची वाटतात. पदकांची वर्षे वर्तमानपत्रे सांगतात. ही वर्षे कोणी सांगत नाही. त्या काळात त्याला कोणीतरी म्हटलेच असेल की, 'झाले, संधी मिळाली होती, संपली.' एकदा संघाबाहेर गेलेला विशीतला बचावपटू म्हणजे आपल्या समजुतीने जुना कॅलेंडर. पण हा मनुष्य खेळत राहिला. टोकियोला, ५ ऑगस्ट २०२१ रोजी, जर्मनीविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात पेनल्टी कॉर्नरच्या वेळी फटका मारणाऱ्यावर सर्वांत आधी धावून जाणारा जो खेळाडू होता, तो अमित. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटणाऱ्या चेंडूसमोर आपले शरीर नेऊन ठेवायचे, हे ते काम. ते विसाव्या वर्षी करता येत नाही असे नाही, पण कोठे धावायचे हे विसाव्या वर्षी कळत नाही.

१३ जानेवारी २०२३ ची संध्याकाळ येथील बहुतेकांच्या स्मरणात असेल. विश्वचषकाचा पहिलाच सामना, स्पेनविरुद्ध, आपल्या नव्याकोऱ्या बिरसा मुंडा मैदानावर. आणि भारताचा स्पर्धेतील पहिला गोल अमितचा. मैदानात जो आवाज उठला तो म्हणे स्टेशनापर्यंत ऐकू गेला. पुढे मात्र भारत नवव्या क्रमांकावर राहिला. भुवनेश्वरला न्यूझीलंडने शूटआउटमध्ये हरवले आणि ज्यांना आठवड्यापूर्वी डोक्यावर घेतले होते त्यांचीच नावे घेऊन लोक बोटे मोडू लागले. आपण प्रेक्षक म्हणून फारच लवकर बोलतो.

आणि ४ ऑगस्ट २०२४. पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत ग्रेट ब्रिटनविरुद्ध सतराव्या मिनिटाला अमितला लाल कार्ड मिळाले. त्याची स्टिक प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्याला लागली; हेतू होता की नव्हता, यावर अजूनही वाद घालता येईल. उरलेली चाळीसहून अधिक मिनिटे भारत दहा खेळाडूंनिशी खेळला, १-१ अशी बरोबरी टिकवली आणि शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकला. अमित उपांत्य सामन्याला मुकला, भारत जर्मनीकडून २-३ ने हरला. दोन दिवसांनी स्पेनविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात तो पुन्हा मैदानावर होता. संघाने त्या एका कार्डावरून त्याची किंमत ठरवली नाही, कारण त्याची किंमत त्यांना अकरा वर्षांपासून ठाऊक होती. विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या पोरावर हाच प्रसंग आला असता तर त्याचे काय झाले असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

त्या दिवशी शूटआउटमध्ये गोलसमोर उभा होता तो पी. आर. श्रीजेश, वय छत्तीस. एर्नाकुलम जिल्ह्यातील किळक्कंबलम हे त्याचे गाव. बारा वर्षांचा असताना तो तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा क्रीडा शाळेत गेला. तेव्हा तो धावत होता, गोळा फेकत होता, व्हॉलीबॉल खेळत होता. प्रशिक्षकाने सुचवले म्हणून गोलरक्षक झाला. गोलरक्षकाचे साहित्य महाग. ते घ्यायला शेतकरी वडिलांनी गाय विकली, हे आता सर्वश्रुत आहे. २००६ मध्ये तो भारताकडून खेळला. पण पाच वर्षे तो संघात आत-बाहेर होत राहिला, कारण त्याच्यापुढे अनुभवी गोलरक्षक होते आणि गोलरक्षक एकावेळी एकच खेळतो. २०११ मध्ये आशियाई चॅम्पियन्स चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने पाकिस्तानचे दोन पेनल्टी स्ट्रोक अडवले आणि तेथून पुढे गोल त्याचे झाले. दोन ऑलिंपिक कांस्यपदके घेऊन तो निवृत्त झाला. ती पाच वर्षे ज्यांनी त्याला बाकावर बसवून ठेवले, त्यांनी त्याला नुसते बसवले नव्हते. रोज सरावात हजारो चेंडू अंगावर घेतले गेले, तेव्हा कुठे तो तयार झाला.

येथे मला एक कटू गोष्ट बोलायची आहे. धीर धरा, असे सांगणे सोपे आहे. पण धीर धरायला पैसे लागतात. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत आहे, त्याने दहा वर्षे वाट कशाच्या जोरावर पाहायची? सविता पुनियाचे उदाहरण घ्या. हरियाणातील सिरसा जिल्ह्यातल्या जोधका गावची ही मुलगी. तिने हॉकी खेळावी ही आजोबांची इच्छा. गोलरक्षकाची ती अवजड पिशवी घेऊन बसने सरावाला जायचे. देशासाठी खेळू लागल्यावरही वर्षांमागून वर्षे गेली, २०१८ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हाही ह्या मुलीच्या हाती नोकरी नव्हती. २ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोला ऑस्ट्रेलियाने मिळवलेल्या एकूणएक पेनल्टी कॉर्नरपुढे ती भिंतीसारखी उभी राहिली आणि गुरजीत कौरच्या एकमेव गोलावर भारतीय महिला प्रथमच ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत गेल्या. त्या दिवशी साऱ्या देशाने तिला डोक्यावर घेतले. त्याआधीची वर्षे तिला तिच्या घराने पोसले होते. देशाने नव्हे. आमच्याकडे धीराचा खर्च नेहमी गरिबाच्या घरावर टाकला जातो आणि यशाचे श्रेय मात्र सर्वांत वाटले जाते.

म्हणूनच पानपोषसारखी वसतिगृहे, क्रीडा प्राधिकरणाची केंद्रे, रेल्वे आणि लष्कर यांच्या नोकऱ्या मला मैदानांपेक्षाही महत्त्वाच्या वाटतात. तेथे मुलाला जेवण, शाळा आणि वर्षे मिळतात. ओडिशा सरकारने २०१८ पासून राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व घेतले, त्यातून जे झाले ते आपण पाहिलेच. खडकीच्या धनराज पिल्ले यांचेही तसेच. घर तमिळ भाषकांचे, वडील दारूगोळा कारखान्यात मैदानाची देखभाल करणारे. मुले मोडक्या स्टिका दोरीने आणि सरसाने जोडून खेळत. थोरले बंधू रमेश मुंबईला खेळत होते, त्यांनी धाकट्याला आपल्याकडे नेले. त्या भावाचे घर हेच धनराजचे वसतिगृह. एकविसाव्या वर्षी, १९८९ मध्ये, तो देशासाठी खेळला आणि पुढे चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार एशियाड आणि चार चॅम्पियन्स चषक खेळला. असा दुसरा खेळाडू नाही. तमिळ घरातील तो मुलगा महाराष्ट्राचा झाला. आपली नातवंडेही उद्या ओडिशाकडून खेळतील, तेव्हा आपण कोणाच्या बाजूने ओरडणार, हे आताच ठरवून ठेवावे.

आता मी आपल्या, म्हणजे मराठी मध्यमवर्गीय घरांकडे वळतो. आपल्या घरी प्रश्न जेवणाचा नसतो. आपल्या घरी प्रश्न वेळापत्रकाचा असतो. दहावीला इतके टक्के, बारावीला इतके, मग अमुक महाविद्यालय. आयुष्याची पायरी-पायरी आपण आखून ठेवलेली असते, आणि मुलगा खेळात पडला की हेच वेळापत्रक आपण खेळालाही लावतो. चौदाव्या वर्षी जिल्हा, सोळाव्याला राज्य, अठराव्याला देश. त्यातली एक पायरी चुकली की घरात सुतकी कळा. मला किती तरी वडील विचारतात, 'आमचा इंडिया खेळेल ना?' तो बारा वर्षांचा असतो. मी त्यांना उलट विचारतो, 'तो उलटी स्टिक लावायला शिकला का?' ते त्यांना ठाऊक नसते.

आपल्याच वसाहतीतील एक मुलगा. नाव सांगत नाही, कारण तो आता मोठा झाला आहे आणि त्याच्या नावाचा उपयोग कोणी उदाहरणासाठी करावा हे त्याला आवडणार नाही. चौदाव्या वर्षी तो वयोगटाच्या राज्य संघात निवडला गेला. एका संस्थेने लगेच शाल आणि श्रीफळ दिले, व्यासपीठावर 'उद्याचा ध्यानचंद' म्हणून ओळख करून दिली. सतराव्या वर्षी तो निवड चाचणीत मागे पडला. गुडघा दुखत होता, उंची एकदम वाढली होती, वाढत्या शरीराची जी सवय व्हावी लागते ती अजून झाली नव्हती. हे सारे दोन वर्षांत सावरले असते. पण त्या दोन वर्षांत तो गणेशोत्सवातसुद्धा येईनासा झाला. आरतीला आलेली प्रत्येक काकू, प्रत्येक मामा त्याला एकच प्रश्न विचारी, 'सिलेक्शनचे काय झाले रे?' विचारणाऱ्यांच्या मनात प्रेमच होते. त्याने स्टिक माळ्यावर टाकली. तो भारतासाठी खेळलाच असता असे मी म्हणत नाही. पण तो खेळत राहिला असता, हे मी खात्रीने म्हणतो; आणि पंचविशीतला, नोकरी सांभाळून रविवारी आनंदाने खेळणारा हॉकीपटू ही काही कमी मिळकत नव्हे.

कारण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डिसेंबर २०१६ मध्ये लखनौला भारताच्या कनिष्ठ संघाने बेल्जियमला २-१ ने हरवून विश्वचषक जिंकला. कर्णधार हरजीत सिंग. ट्रकचालकाचा मुलगा, देशाचा लाडका. २०१८ मध्ये त्याच्या जीवनावर चित्रपटही आला. ऑलिंपिक खेळण्याचा योग मात्र त्याला आला नाही. ह्यात त्याचा दोष काढण्याचा मूर्खपणा मी करणार नाही. चित्रपट काढण्याइतकी वाट मात्र कोणी पाहायला हवी होती. त्याच संघातील सिमरनजीत सिंग टोकियोसाठी आधी राखीव होता. साथीमुळे संघाची संख्या वाढवण्याची परवानगी मिळाली म्हणून त्याला मैदानावर उतरता आले, आणि जर्मनीविरुद्धच्या ५-४ अशा विजयात त्याचे दोन गोल होते. हरमनप्रीत सिंगही त्या कनिष्ठ संघातलाच. त्याच वर्षी विसाव्या वर्षी तो रिओला जाऊन आला होता. पुढे कर्णधार झाला आणि पॅरिसला दहा गोल करून स्पर्धेत सर्वांच्या पुढे राहिला. एकाच संघातील तीन मुले, तीन वेगळ्या वाटा. लखनौच्या त्या रात्री ह्यांतला कोण कोठे पोहोचेल हे सांगता आले असते, असे कोणी म्हणत असेल तर त्याला माझा नमस्कार.

२००१ साली होबार्टला आपण कनिष्ठ विश्वचषक जिंकला होता, अर्जेंटिनाला ६-१ असे धुऊन. ती पिढी आता ऑलिंपिक सुवर्ण आणणार असे आपण धरून चाललो. २००४ ला अथेन्समध्ये सातवे आलो, २००८ च्या बीजिंगला तर १९२८ नंतर प्रथमच पात्रच ठरलो नाही. मुले तीच होती. त्यांच्याभोवतीची व्यवस्था मात्र त्यांच्याकडून फळ मागत राहिली आणि खत-पाण्याचा खर्च टाळत राहिली.

पालकांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो आणि थांबतो. मुलगा किंवा मुलगी सरावाहून आली की 'किती गोल केलेस' असे विचारू नका. बचावपटूने गोल करायचाच नसतो, आणि ज्याने आज दहा वेळा चेंडू योग्य माणसाला दिला त्याच्या खात्यात तुमच्या प्रश्नामुळे शून्य जमा होते. प्रशिक्षकाने जागा बदलली, आघाडीतून मागे आणले, तर ती पदावनती समजून भांडायला जाऊ नका. श्रीजेशचे आयुष्य अशाच एका बदलाने घडले. ड्रॅग फ्लिकचा हट्ट लहान वयात धरू नका, त्यात कंबर आणि पाठ किती पिळली जाते हे एकदा जवळून पाहा. दुखापत झाली तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण मोजा, स्पर्धेची तारीख पाहून कमी करू नका. आणि शाळा सोडवू नका. वसतिगृहातही शाळा असते, ती उगीच नसते.

संघाबाहेर गेलेल्या मुलाशी त्या आठवड्यात हॉकीविषयी बोलू नये, असे माझे मत आहे. त्याला हवे असेल तेव्हा तोच काढील. आपण त्याच्याबरोबर जेवावे.

मंडळालाही एक विनंती करतो, राग मानू नये. सुवर्णमहोत्सवानिमित्त गुणवंत मुलांच्या सत्काराची यादी होत आहे असे ऐकले. त्यात हॉकी खेळणाऱ्या मुलांची नावे असतील तर त्यांना पदवी, बिरुद, 'उद्याचा अमुक' असे काही देऊ नये. त्याऐवजी त्या रकमेतून चांगले बूट आणि गुडघ्याच्या वाट्या घेऊन द्याव्यात, आणि जमल्यास शेजारच्या वाड्या-वस्त्यांवरून अनवाणी सरावाला येणाऱ्या, मंडळाशी काहीही संबंध नसलेल्या दोन-चार मुलींनाही. त्या आपल्याच मुलींबरोबर खेळतात.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला शालेय संघांचे सराव सामने आहेत. आपल्या मंडळातील तीन मुली त्यांत खेळणार आहेत. ज्यांना उठवेल त्यांनी जरूर यावे. चहाची सोय मैदानाबाहेर टपरीवर आहे आणि बसायला पायऱ्या आहेत.  कोणाला काही विचारायचे असल्यास मी थांबलो आहे.